वाटीतला केक

४ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं, गुंडीचा फोटोही मिळाला. तू कानाचं यंत्र लावत नाहीस आणि मला फोनवर ओरडून बोलता येत नाही, त्यामुळे आपली पत्रं चालू आहेत ते बरंच आहे. निदान पत्रात तू मला मध्येच तोडत नाहीस.

इकडे सगळं ठीक. समोरच्या इमारतीला रंग चाललाय, वासाने डोकं उठतं म्हणून खिडक्या बंद ठेवते. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई त्यांच्या भावाकडे गेल्यात, त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलंय. एक झाड मेलं. ते आधीपासूनच रडतखडत चाललं होतं, तरी त्यांना काय सांगायचं याचा विचार करते आहे. जेवण वेळेवर होतं. झोप लागते. चष्म्याच्या दुकानाचं सगळं आता ह्यांचे भागीदार बघतात, मला त्यात काही करावं लागत नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

गुंडीचं लग्न ठरलं हे वाचून फार आनंद झाला. आनंद झाला असं लिहिते आहे, आणि झालाच असणार. एवढीशी होती तेव्हापासून माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. आम्हाला मूल नाही, पण सुट्टीत ती मावशीकडे म्हणून आली की घरात मूल असल्यासारखंच असायचं. फोटोत तिचे केस आखूड केलेले दिसतात. तिला चांगले दिसतात. मुलगा हसरा आहे, पण शर्ट त्याने स्वतः इस्त्री केलेला वाटतो.

आता मुद्द्याचं. केकचं जमणार नाही, ताई. ओव्हन बिघडलाय. वरची कॉइल तापते, खालची तापतच नाही, आणि या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत म्हणे. नवीन घेऊन हात बसायला वेळ लागतो, तेवढा वेळ आता हाताशी नाही. गुंडीला सांग, हल्ली बेकऱ्यांमध्ये फार देखणे केक मिळतात, तीन मजली, वर साखरेची फुलं. लोकांना तेच आवडतं. आजीचा केक नसेल तर लग्नात केकच नको, असं ती म्हणाल्याचं तू लिहिलंयस. हट्टाच्या बाबतीत ती तुझ्यावर गेली आहे. समजूत तूच काढ.

जावईबापूंना वाटीचं प्रकरण समजावताना गुंडीच्या नाकी नऊ आले, हे वाचून मात्र जरा हसू आलं. त्यांना सोपं करून सांग. आमच्या आईचा जळक्या साखरेचा केक. साखर लोखंडी कढईत काळपट होईपर्यंत जाळायची, धूर सुटला की त्यात उकळतं पाणी ओतायचं. जरा आधी ओतलं तर केक नुसताच गोड होतो, जरा उशीर झाला तर कडू. रंगावरून काही कळत नाही. आणि कढईवर उभ्या असलेल्या बाईच्या नाकातोंडात इतका धूर गेलेला असतो की तिची जीभ कामातून गेलेली असते. म्हणून आईचा नियम, करणारीने चव घ्यायची नाही. मोठ्या भांड्यात मिश्रण ओतायच्या आधी थोडं स्टीलच्या वाटीत काढायचं, ती वाटी शेजारीच ओव्हनमध्ये ठेवायची, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ती खाऊन बघायची. त्याने चालेल म्हटलं तर केक घराबाहेर जाणार. नाही म्हटलं तर परत कढई चढवायची. एवढंच आहे ते. यात समजायला अवघड काय आहे?

आईची वाटी बाबा खायचे. आपण शिकत होतो तेव्हा तू माझी खायचीस आणि मी तुझी, आणि तू माझ्या वाटीला नावं ठेवायचीस म्हणून मी तुझ्या वाटीला ठेवायचे. पुढे तू हे सगळं सोडलंस आणि ओव्हनमध्ये तवे ठेवायला लागलीस. मी करत राहिले. आईचा केक मी पोटभर खाल्लाय, तुझाही खाल्लाय. माझा स्वतःचा मात्र कधीच नाही. वाटी दुसऱ्याच्या पोटात गेलेली असते आणि केक गिऱ्हाइकाच्या घरी. लोक विचारतात तुम्ही रोज केक खात असाल ना, त्यांना काय सांगणार?

आमच्याकडे वाटी ह्यांची. लग्नानंतरच्या पहिल्या केकपासून. चमचा घ्यायचे नाहीत, ताटलीही नाही, ओट्याशी उभे राहून खायचे आणि एकच शब्द बोलायचे, चालेल. त्याच्या मागे काही नाही, पुढे काही नाही. तू एकदा म्हणाली होतीस, हा माणूस लग्नाला होकार देतानाही चालेलच म्हणाला असेल. म्हणालेच होते. शेवटची दोनेक वर्षं मात्र त्यांची जीभ चांगली तयार झाली होती. वाटी दुकानात न्यायला लागले, चहाबरोबर शांतपणे खाईन म्हणायचे, आणि अकराच्या सुमाराला तिथून फोन यायचा. एकदा म्हणाले, जायफळ जरा पुढे आलंय. एकदा म्हणाले, मागच्यापेक्षा हा बरा. मी चाटच पडले. इतक्या वर्षांनी माणूस सुधारला, म्हणून मी शिक्षिकाबाईंनाही मिरवून सांगितलं. ओट्याशी उभं राहून खायचं सोडलं याचं मात्र थोडं वाईट वाटायचं.

असो. ओव्हन बिघडलाय, त्यामुळे प्रश्नच मिटला. फ्रीझरमध्ये बर्फ साचलाय, तो साफ करायचाय, होईल सावकाश. मी कशी आहे असं तू विचारलंस. ठीक आहे. भाऊजींना नमस्कार, गुंडीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी


२१ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. तुझा मिस्त्री येऊन गेला.

भाऊजींच्या ओळखी दूरवर आहेत हे मला माहीत होतं, पण माझ्या दारात हत्यारांची पिशवी घेऊन माणूस उभा राहील असं वाटलं नव्हतं. भला माणूस होता. चप्पल बाहेर काढून आला, दोन्ही कॉइल लावून बघितल्या, आणि थोड्याच वेळात स्वयंपाकघर असं तापलं की खिडकी उघडावी लागली. त्याने आत हात घालून बघितला, घड्याळ लावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, मावशी, बिघाड नेमका कुठे आहे? मी म्हटलं, अधूनमधून होतो. त्या बिचाऱ्याने दाराचं रबर पुसून दिलं, चहा घेतला आणि गेला. मागोमाग तुझं पत्र आलंच. खोटं बोलायचं तर निदान ज्याला मिस्त्री मिळत नाही अशा वस्तूबद्दल बोल, असं तू लिहिलंयस. तेही खरं.

आणि कशी आहेस ते नीट लिही, ठीक हे उत्तर मी गुंडीकडूनही घेत नाही, असंही लिहिलंयस. मग लिहिते. तुला आवडणार नाही.

मला काही वाटत नाही, ताई. वाईटही वाटत नाही. ह्यांना जाऊन इतके महिने झाले, मी नीट रडलेलीसुद्धा नाही. लोक भेटायला आले तेव्हा मीच चहा करत होते, कुणाला बिनसाखरेचा, कुणाला दुधाचा, सगळं लक्षात ठेवून. येणाऱ्या बायका माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या, आणि मला वाटायचं त्यांना काहीतरी दिलं पाहिजे, तर मी बिस्किटं पुढे करायचे. ह्यांचे कपडे मी घडी करून देऊन टाकले, एकाही शर्टाचा वास घेतला नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय कसा लाकडाचा होतो, मुंग्या यायच्या आधी? चिमटा काढला तर दिसतो, लागत नाही. तसं आहे. गुंडीच्या लग्नाचं वाचलं तेव्हाही तसंच. म्हणून आनंद झाला असणार असं लिहिलं. तिला यातलं काही सांगू नकोस.

फ्रीझर मी साफ केलेला नाही. त्यात वाटी आहे.

तुला कधी सांगितलं नाही. ह्यांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी मी केक केला होता, कुणाच्यातरी मुलाच्या वाढदिवसाचा. सकाळी वाटी फडक्यात बांधून टेबलावर ठेवली, रोजच्यासारखी, ह्यांनी दुकानात न्यावी म्हणून. हे स्टुलावर बसून बूट घालत होते. एका बुटाची नाडी बांधली. दुसऱ्या बुटाला हात घातला आणि तसेच बसून राहिले. मी म्हटलं, उशीर होतोय. ते म्हणाले, हो. मग उठलेच नाहीत. पुढचं तुला माहीत आहे. हृदय होतं, घशाच्या जुन्या दुखण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता असं डॉक्टर म्हणाले. तो केक शिक्षिकाबाईंनीच नेऊन पोचवला. कुणी चालेल म्हटल्याशिवाय माझ्या घरातून गेलेला तो पहिला केक. वाटीही त्यांनीच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकली, वाया जाऊ नये म्हणून. मी दवाखान्यातून घरी आले आणि बर्फ काढायला उघडला तर समोर ती. बंद केला. त्यानंतर मी कढई चढवलेली नाही. विचारायला आलेल्यांना ओव्हन बिघडल्याचंच सांगते, तेव्हा तू एकटी नाहीस.

हे एवढंच असतं तर मी तुला फोनवर ओरडून सांगितलं असतं. पण मागच्या आठवड्यात भागीदार आले होते.

ह्यांच्या दुकानातल्या वस्तू घेऊन आले, कप, खुर्चीवरची उशी, चष्म्याचे बारीक स्क्रू पिळायचा तो पेचकस. गृहस्थ बोलके आहेत, तुला माहीत आहे, पण त्या दिवशी कप हातात धरून नुसते बसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी नेहमीचं सांगायला लागले. ह्यांची जीभ शेवटी शेवटी किती तयार झाली होती, जायफळाचं कसं बरोबर ओळखलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, त्याला चव कळत नव्हती," ते म्हणाले.

"कसली?"

"कसलीच. घशाच्या उपचारांनंतर गेली. डॉक्टर म्हणाले होते येईल परत. आली नाही."

"मग वाटी?"

"वाटी मी खायचो."

पुढे त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी हे दुकानात आले की वाटी काढायचे, त्यातला तुकडा भागीदारांच्या हातावर ठेवायचे आणि गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना विचारतात तसं विचारायचे, हा बरा की मागचा बरा? आता नीट सांग, हा बरा की मागचा बरा? मग मला फोन. जायफळ भागीदारांना जास्त लागलं होतं. मागच्यापेक्षा बरा हेही त्यांचंच. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर भागीदार आवाज खाली आणून म्हणाले, मला मधुमेह आहे, हे आमच्या घरी कळता कामा नये. चष्म्याच्या दुकानात दोन म्हातारे लपून केक खात होते, ताई, आणि माझा सगळा कारभार त्यांच्यावर चालला होता.

त्यांनी मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. भागीदार म्हणाले, मीही त्याला तेच विचारलं होतं. तर म्हणाला, घरात वाटी खायला दुसरं आहे कोण? तिला कळलं तर ती करायचंच सोडून देईल.

मला राग यायला हवा. मी वाट बघितली, आला नाही. एवढंच आठवत राहिलं की जेवताना मी विचारायचे, भाजीत मीठ बरोबर आहे ना, आणि हे बरोबर आहे म्हणायचे, आणि मी मीठ वाढून घेतलं की तेही घ्यायचे. माझ्या ताटाकडे बघून जेवत होते. आणि मी समोर बसून काय बघत होते? मला वाटायचं माणूस शांत झालाय.

तेव्हा गुंडीला सांग, ओव्हन चांगला आहे. वाटी खाणारं घरात कुणी नाही, आणि माझा केक बरा होतो की नाही हे आता मला माहीत नाही. ज्या शब्दावर मी दोन वर्षं केक घराबाहेर पाठवले, तो कुणाचा होता? भागीदार चष्मे उत्तम बनवतात, पण त्यांच्या घरी चहात आलं घालतात की नाही हेही त्यांना सांगता यायचं नाही. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर केक कडू निघाला तर पोरीला आयुष्यभर लागेल. आईच्या नावाला धक्का लावणं माझ्याच्याने होणार नाही. बेकरीत सांगून टाका, अजून वेळ आहे.

शिक्षिकाबाई परत आल्या. मेलेल्या झाडाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, बाकीची छान ठेवलीत.

तुझी,
धाकटी


६ डिसेंबर

ती. ताई,

नमस्कार. एवढं मोठं पत्र मी लिहिलं आणि तू पोस्टकार्डावर तीन ओळी लिहून मोकळी झालीस. पण तुझ्या पहिल्या ओळीने मला घराबाहेर काढलं. भागीदार चालेल म्हणायचे की आणखी काही म्हणायचे, हे तू विचारलंस का? नव्हतं विचारलं. मला सुचलंच नाही.

दुकानात गेले. ह्यांच्या पश्चात पहिल्यांदाच. आत काही बदललेलं नाही, भिंतीवर अक्षरांचा तोच तक्ता, काचेच्या कपाटात फ्रेमांच्या त्याच रांगा, ह्यांच्या खुर्चीवर आता पार्सलं ठेवतात. भागीदार एका म्हाताऱ्या बाईंचे डोळे तपासत होते. हे स्पष्ट की ते? आता हे की ते? बाई म्हणाल्या, तुम्हीच काय ते ठरवा. मी बाकावर बसून राहिले. ह्यांचाही आवाज असाच यायचा आतून, पडद्यामागून, दिवसभर तेच दोन प्रश्न. घरी आल्यावर बोलायला काही उरत नसेल, असं तेव्हा कधी मनात आलं नव्हतं.

बाई गेल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. केकचा तुकडा खाऊन तुम्ही ह्यांना काय सांगायचात, अगदी शब्दाला शब्द?

भागीदारांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "चालेल? छे हो, वहिनी, चालेल मी कधीच म्हटलं नाही. मी म्हणायचो, अरे, काय खायला घालतोयस, एवढ्याशा वाटीत काय होतंय. एकदा तर मला आमची आई आठवली, मी पाठ फिरवून बसलो. तो सगळं नीट ऐकून घ्यायचा आणि फोन उचलून म्हणायचा, चालेल."

"एवढंच?"

"मीही म्हणायचो, एवढंच? तर म्हणायचा, आमच्याकडे असंच सांगतात."

मी उठले, तर त्यांनी पुन्हा बसवलं. म्हणाले, एक राहिलं. फोन ठेवला की उरलेली वाटी तो स्वतः खायचा, सगळी, तळाला चिकटलेलं खरवडून. मी म्हटलं होतं, तुला काही कळत नाही तर मला तरी खाऊ दे. तर म्हणाला, मऊ झालाय का ते बघतो, ते कळतं मला.

मी घरी आले. वाटेत कुंड्यांसाठी माती घेतली, शिक्षिकाबाईंना एक झाड देणं लागते ना मी. मग फ्रीझर उघडला आणि बर्फ न काढताच वाटी काढली, ओट्यावर ठेवली. तिचा बर्फ सुटेपर्यंत झाड लावलं, हात धुतले, भांडी जागेवर लावली. समोरच्या इमारतीचा रंग पूर्ण झालाय, खिडकी उघडली.

मग मी ती खाल्ली. ओट्याशी उभी राहून, चमचा न घेता. आईचा नियम मोडला. धुराचं कारण तरी कुठे होतं, कढई कित्येक महिने चढली नव्हती.

आधी नुसती फ्रीझरची चव आली. कडा चामट झाल्या होत्या. मधे गेले तेव्हा जळकी साखर लागली, मग खजूर, मग जायफळ, बरोबर होतं जायफळ. आणि घास गिळून झाल्यावर घशाशी तो कडवटपणा आला, अगदी थोडा, आईच्या केकला यायचा तेवढाच, बाबा म्हणायचे ना, हा आहे तोवर केक आहे. ताई, तो आईचाच केक आहे. मी इतकी वर्षं आईचा केक करत होते आणि मला हे माहीतच नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी खाल्ला आणि एकानेही मला सांगितलं नाही. सांगायची पद्धतच नव्हती आपल्यात. चालेल म्हणायचे. तूसुद्धा.

मऊ नव्हता. इतके महिने फ्रीझरमध्ये राहिल्यावर कसला मऊ राहणार? पण केला होता त्या दिवशी असणार, तेवढं माझ्या हाताला माहीत असतं. ह्यांना कळला असता.

रडलीस का, असं तू विचारणार. वाटी नळाखाली धरली आणि घासता येईना, एवढं सांगते. पाणी वाहत होतं आणि मी तशीच उभी. मागच्या पत्रात लाकडाच्या पायाचं लिहिलं होतं ना. मुंग्या आल्यात. लोक म्हणतात त्याने बरं वाटतं. मला तर दुखतंय. दोन दिवस झाले, दुखतंच आहे, आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही म्हणून तुला सांगते.

गुंडीचा केक मी करते. बेकरीत सांगितलं असशील तर नको म्हणून सांग. अक्रोड इकडे चांगले मिळतात, खजूर तू आण, तुझ्याकडच्या बाजारातला. पण माझी अट आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीने इथे यायचं, हातात काहीही काम असलं तरी. ओट्याशी उभं राहून वाटी खायची, लहानपणी ओट्यावर बसून चिकटलेलं खायची तसं लग्नाच्या वयात शोभत नाही. एकटीने खायची, जावईबापूंनी दाराबाहेर थांबायचं, त्यांना चिकटलेलं मिळेल. आणि खाऊन झाल्यावर एकच शब्द बोलायचा. छान, मस्त, मावशी कसलं भारी, असलं काही म्हणाली तर केक मिळणार नाही. भागीदारांनाही बोलावलंय लग्नाला, सहकुटुंब, त्यामुळे बिचाऱ्यांना तिथे केक खाता येणार नाही. त्यांची वाटी मी वेगळी काढून दुकानात पोचवीन. अगदी लहान.

तू येताना कानाचं यंत्र लावून ये. गुंडी काय म्हणते ते मला तुझ्याबरोबर ऐकायचंय, आणि तो शब्द आपल्या घरात कुणी मोठ्याने म्हणत नाही.

पोस्टकार्डावरच्या शेवटच्या ओळीत तू विचारलंयस, कशी आहेस ते एका शब्दात लिही, ठीक सोडून कोणताही. दोन दिवस विचार केला. जेवण होतं, झोप कमी झाली आहे, ह्यांचा एक शर्ट देऊन टाकायचा राहिला होता तो कपाटात सापडला, तो दिला नाही. उद्या कढई घासून ठेवणार आहे.

चालेल, ताई.

तुझी,
धाकटी